गायनातील अष्टपैलुत्व

गायनातील अष्टपैलुत्व म्हणजे एकाच गायकाने अथवा गायिकेने परस्परांहून भिन्न असे अनेक गीतप्रकार, त्या त्या प्रकाराचे नियम व संकेत सांभाळून, समर्थपणे गाण्याची क्षमता होय. शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत, भावगीत, गझल, लावणी, अभंग, चित्रपटगीत, पॉप, रॉक, जॅझ इत्यादी प्रकारांत आवाजाचा वापर, स्वरांचे अलंकरण, शब्दोच्चार आणि लय यांच्या अपेक्षा वेगवेगळ्या असतात. या अपेक्षांनुसार गायनात बदल करूनही ज्याचा आवाज ऐकताक्षणी ओळखता येतो, त्या गायकास सामान्यतः अष्टपैलू म्हटले जाते.

चित्रपटाचे पार्श्वगायन आणि पॉप संगीत यांत या गुणाला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे एकाच कलावंताला निरनिराळ्या पात्रांसाठी, संगीतकारांसाठी आणि श्रोत्यांसाठी गावे लागते. मराठी भाषकांत आशा भोसले आणि वसंतराव देशपांडे ही या क्षमतेची दोन ठळक उदाहरणे होत. यांपैकी वसंतराव देशपांडे यांच्या संगीतशिक्षणाचा आरंभ नागपुरात झाला.

संज्ञा आणि व्याप्ती

‘अष्टपैलू’ हा शब्द मूळचा रत्नपारख्यांच्या व्यवहारातील आहे. आठ पैलू पाडलेल्या हिऱ्यावर कोणत्याही बाजूने प्रकाश पडला तरी तो चमकतो. मात्र हिरा एकच असतो. गायनाच्या संदर्भात ही उपमा समर्पक ठरते. पैलू अनेक असणे आणि हिरा एकच असणे, या दोन्ही गोष्टी अष्टपैलुत्वात अभिप्रेत आहेत. पैलू नसतील तर सर्व गाणी एकाच साच्याची वाटतात. आणि गायकाची स्वतःची ओळखच नसेल तर ते गायन नकलेच्या पातळीवर राहते.

अनेक प्रकारांची गाणी ध्वनिमुद्रित करणे आणि अष्टपैलू असणे यांत फरक आहे. एखादा गायक अभंग, गझल आणि रॉक गीत या तिन्हींचे ध्वनिमुद्रण करू शकतो. परंतु तिन्ही गीते एकाच ढंगाने म्हटली गेली असतील तर त्यांना विविधता म्हणता येईल, अष्टपैलुत्व नव्हे.

आवाजाची निर्मिती

फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वररज्जूंना कंपित करते आणि त्यातून मूळ ध्वनी उत्पन्न होतो. प्रौढ व्यक्तीच्या स्वररज्जूंची लांबी सुमारे एक ते अडीच सेंटिमीटर असते. पाश्चात्त्य संगीतात सूर जुळवण्यासाठी प्रमाण मानला जाणारा ४४० हर्ट्झचा स्वर गाताना या रज्जू एका सेकंदात ४४० वेळा उघडतात व मिटतात. घसा, तोंड, जीभ, टाळू आणि ओठ यांच्या हालचालींनी या मूळ ध्वनीला घुमारा, रंग व शब्दरूप मिळते.

स्वररज्जू जाडसर व आखूड ठेवून काढलेल्या भरीव आवाजास ‘छातीचा आवाज’ म्हणतात. त्या ताणून पातळ केल्या असता उंच व हलका आवाज निघतो. पुरुष गायकांच्या बाबतीत अशा हलक्या उंच आवाजाला मराठीत ‘चोरटा आवाज’ म्हणण्याची रीत आहे. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना आवाज तुटू न देणे, हे बहुतेक शैलींतील प्राथमिक कौशल्य आहे. काही शैलींत मात्र ही फूट मुद्दाम ऐकवली जाते. आल्प्स पर्वतातील योडलिंग ही गायनपद्धती याच फुटीवर आधारलेली आहे. किशोर कुमार यांनी तिचा हिंदी चित्रपटगीतांत वारंवार उपयोग केला.

हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत आवाज कसा लावायचा यास ‘लगाव’ म्हणतात. एखादा गीतप्रकार आत्मसात करणे म्हणजे प्रथम त्याचा लगाव आत्मसात करणे होय.

अष्टपैलुत्वाचे घटक

आवाजाचा लगाव

प्रत्येक गीतप्रकार ज्या जागी व ज्या साधनांनिशी वाढला, त्यावरून त्याचा लगाव ठरला आहे. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात संगीत नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. त्यामुळे नाट्यपद खुल्या, फेकीच्या आवाजात गायले गेले. पोवाडा डफाच्या साथीने मोकळ्या जागेत गायला जातो. त्याला उंच आणि धारदार आवाज लागतो. युरोपीय ऑपेराच्या गायकाला ध्वनिक्षेपकाविना मोठ्या वाद्यवृंदावर मात करावी लागते. सुमारे ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाजाची शक्ती एकवटून तो हे साधतो, असे स्वीडिश अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिले. वाद्यवृंदाचा जोर त्याहून खालच्या पट्ट्यात असतो. त्यामुळे एका माणसाचा आवाज अनेक वाद्यांतूनही स्पष्ट ऐकू येतो.

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हे चित्र पालटले. ध्वनिक्षेपक कुजबुजही टिपू लागल्यामुळे हळुवार, संभाषणवजा गायन शक्य झाले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांची गायकी या बदलातून पुढे आली. महाराष्ट्रात १९३० च्या दशकात भावगीत रुजले, त्यामागेही ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांचा मोठा वाटा होता. विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली. ती मराठी भावगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक महत्त्वाची ध्वनिमुद्रिका मानली जाते. नाट्यपदाच्या लगावाने भावगीत म्हटल्यास ते अंगावर आल्यासारखे वाटते. भावगीताच्या लगावाने नाट्यपद म्हटल्यास ते निर्जीव होते. दोन्ही गाणाऱ्यास दोन्ही लगाव स्वतंत्रपणे कमवावे लागतात.

स्वरालंकार

एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर कसे जावे, याचे संकेत शैलीगणिक बदलतात. हिंदुस्थानी संगीतात मींड, कण, खटका, मुरकी, गमक आणि तान ही साधने आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनात दीर्घ स्वराला सेकंदाला साधारणतः पाच ते सात वेळा होणारे नियमित कंपन दिले जाते. त्यास व्हायब्रेटो म्हणतात. ख्यालगायनात मात्र षड्ज अथवा पंचम असा कंपित केल्यास तो दोष ठरतो. तेथे स्वर सरळ आणि स्थिर लागणे अपेक्षित असते. ठुमरीत शोभणारी मुरकी अभंगात वारंवार आली तर भक्तीऐवजी नखरा जाणवतो. म्हणून अलंकार येण्याइतकेच तो कोठे घेऊ नये हे कळणे महत्त्वाचे असते.

शब्दोच्चार

गायकाची शैलीवरील पकड अनेकदा उच्चारांतून प्रथम उघड होते. उर्दू गझलेत क़, ख़, ग़, ज़, फ़ हे ध्वनी नेमके यावे लागतात. मराठीत च, ज आणि झ या वर्णांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ या अर्थी आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून सारखाच लिहिला जातो. परंतु उच्चारताना दोहोंतील ‘ज’ वेगळा असतो. ‘ळ’ हा वर्णही अमराठी गायकांची परीक्षा पाहतो. लावणीत शब्द ठसक्याने व तोडून येतो, अभंगात तो मोकळेपणाने येतो, तर ख्यालात बंदिशीचा शब्द बहुधा स्वरविस्ताराचे निमित्त ठरतो. इंग्रजी पॉप गीतात बोलीभाषेतील उच्चारांना प्राधान्य असते, तर ऑपेरात स्वर लांबवता यावा म्हणून उच्चार गोलाकार केले जातात.

लय

हिंदुस्थानी तालात समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, सर्वाधिक महत्त्व असते. गायक दूरवर फिरून समेवर येतो तेव्हा श्रोत्यांची दाद मिळते. रॉक आणि पॉप संगीतात चार ठोक्यांच्या गटातील दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर ड्रमचा आघात असतो. जॅझमध्ये शब्द ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. समेची सवय असलेला गायक पॉप गीतातही प्रत्येक ओळ पहिल्या ठोक्यावर आदळू लागला, तर सूर अचूक असूनही गाणे जड वाटते. लावणीत गायिकेला ढोलकीच्या लग्ग्यांशी खेळावे लागते, तर भावगीतात शब्दांचा अर्थ तुटू न देता लय सांभाळावी लागते.

आशयाची जाण

गाणे कोण म्हणत आहे, कोणाला उद्देशून म्हणत आहे आणि कोणत्या प्रसंगी म्हणत आहे, याची जाण हा शेवटचा घटक होय. गझलेच्या शेरात पहिली ओळ उत्सुकता निर्माण करते आणि दुसरी ओळ यमकाच्या, म्हणजे काफियाच्या, शब्दाशी येऊन ती उत्सुकता पूर्ण करते. त्या शब्दाआधी क्षणभर थांबण्याचे भान गायकास नसेल, तर शेराचा परिणाम निसटतो. पार्श्वगायनात पडद्यावरील पात्राचे वय, स्वभाव व सामाजिक स्तर हे सारे केवळ आवाजातून सुचवावे लागते.

प्रमुख उदाहरणे

आशा भोसले

आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे झाला. त्या गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या कन्या होत. दीनानाथांचे १९४२ मध्ये निधन झाले आणि १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी आशाबाईंनी गायन केले. प्रारंभीच्या काळात आघाडीच्या नायिकांची गाणी त्यांच्या वाट्याला क्वचितच येत. १९५७ च्या ‘नया दौर’ या चित्रपटात संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी त्यांना नायिकेची गाणी दिली आणि त्यांच्या कारकिर्दीला निर्णायक वळण मिळाले.

‘तीसरी मंज़िल’ (१९६६) पासून संगीतकार राहुल देव बर्मन यांच्यासह त्यांनी रॉक आणि जॅझच्या अंगाची गाणी गायली. ‘कारवाँ’ (१९७१) या चित्रपटातील क्लबगीतात श्वास व उसासे हेही गाण्याचे अंग झाले आहेत. ख्यालगायनात श्वास ऐकू न देण्याकडे कल असतो. येथे तो लयीचाच भाग म्हणून येतो. याच वर्षीच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधील त्यांचे गाणे हिप्पी पिढीच्या वातावरणाशी कायमचे जोडले गेले.

या यशाचा दुसरा परिणाम असा झाला, की क्लबगीते व कॅबरे यांच्या गायिका अशी त्यांची मर्यादित प्रतिमा तयार झाली. ती ‘उमराव जान’ (१९८१) या चित्रपटाने बदलली. लखनौच्या तवायफेच्या या कथेसाठी संगीतकार खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीपेक्षा खालच्या पट्टीत गाण्यास सांगितले. खालच्या पट्टीत त्यांच्या आवाजाला जे गांभीर्य व ठहराव आला, तो शहरयार यांच्या गझलांना अनुरूप ठरला. या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. पुढे ‘इजाज़त’ (१९८७) मधील गुलज़ार यांच्या मुक्तछंदात्मक गीतासाठी त्यांना तोच पुरस्कार पुन्हा मिळाला. पट्टीतील बदल ही बाह्यतः लहान गोष्ट असली, तरी लगाव बदलल्याने गायकाविषयीचे मत कसे पालटते, याचे हे उदाहरण आहे.

१९९५ च्या ‘रंगीला’ मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतात त्यांनी तरुण नायिकेसाठी गायन केले. त्या वेळी त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. लगेच पुढील काळात सरोदवादक अली अकबर खाँ यांच्यासह पारंपरिक बंदिशींचा ‘लेगसी’ हा ध्वनिसंच आणि लेस्ली लुईस यांच्यासह ‘जानम समझा करो’ हा पॉप ध्वनिसंच प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यवृंदाबरोबर त्यांनी राहुल देव बर्मन यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले. ‘लेगसी’ आणि क्रोनोस क्वार्टेटबरोबरचा ध्वनिसंच या दोहोंना ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २००० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २००८ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना प्राप्त झाले.

मराठीत त्यांनी नाट्यपदे, भक्तिगीते, लावण्या, बालगीते, भावगीते आणि गझला गायल्या. कवी सुरेश भट आणि संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांच्यासह केलेले त्यांचे काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सुरेश भट यांचा जन्म अमरावतीचा. त्यांचे अखेरचे वास्तव्य नागपुरात होते आणि २००३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रणयपर रचना आशाबाईंनी मंद, आत वळलेल्या आवाजात गायल्या. ‘सिंहासन’ या चित्रपटातील भटांचे गीत मात्र भ्रमनिरासाचे व चेतवणीचे आहे आणि त्यात त्यांचा आवाज आर्त व धारदार झाला आहे. कवी, संगीतकार आणि गायिका तेच असताना केवळ आशयामुळे लगाव कसा बदलतो, हे या गीतांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

वसंतराव देशपांडे

वसंतराव देशपांडे (२ मे १९२० – ३० जुलै १९८३) यांचा जन्म विदर्भातील मूर्तिजापूर येथे झाला आणि बालपण नागपुरात गेले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गायनाचे प्रारंभिक शिक्षण घेतले. सप्रे हे विष्णू दिगंबर पलुसकर यांच्या परंपरेतील होते. बालवयात वसंतरावांनी भालजी पेंढारकर यांच्या ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली. पुढे लाहोर येथे असद अली खाँ, तसेच किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडून त्यांनी विद्या मिळवली. मास्टर दीनानाथ यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. त्यांना तबल्याचीही उत्तम जाण होती.

या शिक्षणामुळे त्यांचे गाणे एका घराण्याच्या चौकटीत बसणारे राहिले नाही. एका गुरूकडे दीर्घकाळ राहून एकच गायकी आत्मसात करणे हा घराणेपद्धतीचा आदर्श आहे. त्या कसोटीवर अनेक वाटांनी आलेले गाणे शुद्धतावाद्यांना सहजी मान्य होण्याजोगे नव्हते. वसंतरावांनी अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली आणि पूर्णवेळ गायनाकडे ते उशिरा वळले. ख्याल, ठुमरी, दादरा, नाट्यपद आणि भावगीत या सर्व प्रकारांत त्यांची मुशाफिरी होती. कवी वा. रा. कांत यांचे व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले त्यांचे भावगीत, तसेच ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटातील त्यांचे गायन लोकप्रिय झाले. मैफलीत ज्यांच्या ताना वेगवान आणि अनपेक्षित वळणांच्या असत, त्यांनी भावगीतात त्या जवळजवळ पूर्ण आवरल्या आहेत. त्यांच्या अष्टपैलुत्वाची खूण या संयमात दिसते.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या संगीत नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन या भूमिकेने त्यांना अमाप कीर्ती मिळवून दिली. नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकी हे गोव्याचे. दोन गायकींतील स्पर्धा आणि विद्या आपल्याच घराण्यात राखून ठेवण्याचा हट्ट हा या नाटकाचा विषय आहे. स्वतः अनेक परंपरांतून विद्या गोळा केलेल्या गायकाने घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या गवयाची भूमिका गाजवावी, हा योग लक्षणीय आहे. १९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

अन्य भारतीय गायक

मुंबईत वाढलेले हरिहरन हे गझलगायक म्हणून पुढे आले. १९९६ मध्ये त्यांनी लेस्ली लुईस यांच्यासह ‘कलोनियल कझिन्स’ या जोडीद्वारे भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य पॉप यांचा मेळ घातला. अजय-अतुल यांच्या संगीतातील ‘जोगवा’ या मराठी चित्रपटातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच चित्रपटासाठी श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांचीही मातृभाषा मराठी नाही.

शंकर महादेवन यांनी कर्नाटक संगीताचे शिक्षण घेतले आणि श्रीनिवास खळे यांचे मार्गदर्शनही मिळवले. १९९८ मधील ‘ब्रेथलेस’ या पॉप ध्वनिसंचाने ते घराघरांत पोहोचले, तर २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात त्यांनी पंडितजींची भूमिका केली. विदर्भातून पुढे आलेल्या वैशाली माडे यांनी ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मध्ये श्रेया घोषाल यांच्यासह गायन केले.

अन्य देशांतील उदाहरणे

अमेरिकन गायिका लिंडा रॉन्स्टॅट यांनी रॉक व कंट्री संगीतात यश मिळवल्यानंतर ब्रॉडवेवरील ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेत काम केले. १९८३ मध्ये नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदासह जुन्या अमेरिकन गीतांचा आणि १९८७ मध्ये मेक्सिकन पारंपरिक गीतांचा ध्वनिसंच त्यांनी काढला. मेक्सिकन गीते ही त्यांच्या कुटुंबात गायली जाणारी गीते होती.

‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले. १९८८ मध्ये त्यांनी स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह ‘बार्सिलोना’ हा ध्वनिसंच केला. त्यात मर्क्युरी ऑपेरा गायकाचे रूप घेत नाहीत; त्यांचा रॉक गायकाचा लगाव कायम राहतो आणि तरीही दोन आवाज एकमेकांना पूरक ठरतात. स्वतःचा लगाव न सोडता दुसऱ्या शैलीला प्रतिसाद देणे, हाही अष्टपैलुत्वाचा एक प्रकार मानता येतो.

गैरसमज

मोठा पल्ला म्हणजे अष्टपैलुत्व, हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज आहे. किती सप्तकांत आवाज फिरतो यावर गायकांची तुलना केली जाते. परंतु पुष्कळशी लोकप्रिय गीते दीड-दोन सप्तकांच्या मर्यादेतच असतात. पल्ला हे साधन आहे, तर त्याचा औचित्यपूर्ण वापर हे कौशल्य आहे.

शास्त्रीय शिक्षण घेतलेला गायक काहीही गाऊ शकतो, ही समजूतही अंशतःच खरी आहे. अशा शिक्षणाने सूर, श्वास आणि लय यांचा पाया पक्का होतो. परंतु पॉप गीताची सहजता किंवा लावणीचा ठसका त्यातून आपोआप येत नाही. काही वेळा पक्क्या झालेल्या सवयी विसरणे हेच अधिक अवघड असते.

संगणकीय स्वरदुरुस्तीमुळे आता कोणीही सर्व प्रकार गाऊ शकेल, असेही म्हटले जाते. १९९७ मध्ये आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ सारख्या प्रणाली स्वराची उंची सुधारतात. उच्चारांतील ठसका, लयीतील रेंगाळणे अथवा गझलेतील नेमका विराम त्या गायकाच्या वतीने ठरवू शकत नाहीत.

मर्यादा आणि टीका

अष्टपैलुत्वावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. एका बाजूने, अनेक प्रकार हाताळणारा गायक कशातही खोलवर जात नाही, असे म्हटले जाते. ख्यालासारख्या प्रकारात एका रागाच्या चिंतनाला वर्षानुवर्षे द्यावी लागतात. त्यामुळे हा आक्षेप निराधार नाही. भीमसेन जोशी यांनी ख्यालाबरोबर अभंग गायले, तथापि त्यांचा मुख्य आधार ख्यालच राहिला. दुसऱ्या बाजूने, अष्टपैलू गायकावर बाजारपेठ त्याच्या सर्वाधिक खपणाऱ्या पैलूचाच शिक्का मारते आणि उरलेले पैलू झाकले जातात.

गायकाची क्षमता आणि तिला मिळणारी मान्यता यांत बरेचदा मोठे अंतर पडते. ते अंतर मिटवण्यास योग्य संगीतकार, योग्य भूमिका किंवा योग्य रचना लागते. ‘उमराव जान’ वा ‘कट्यार काळजात घुसली’ यांपूर्वीही संबंधित गायकांकडे ती क्षमता होतीच. त्या कलाकृतींनी ती सर्वांसमोर आणली.

साधना आणि आवाजाची निगा

निरनिराळे लगाव वापरताना स्वररज्जूंवर निरनिराळे ताण पडतात. पुरेशा तयारीशिवाय उंच पट्टीत जोराने गाणे, घसा खरवडून गाणे किंवा विश्रांतीशिवाय सलग कार्यक्रम करणे यांमुळे स्वररज्जूंना सूज येऊ शकते अथवा त्यांवर गाठी येऊ शकतात. पुरेसे पाणी, झोप, सरावापूर्वी हलक्या स्वरांनी गळा तयार करणे आणि धूम्रपान टाळणे ही निगा सर्व शैलींना समान आहे. आवाजातील बसकेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

नवी शैली शिकताना तीतील गायकांचे गाणे दीर्घकाळ ऐकणे, गीताची भाषा समजून घेणे, प्रथम शब्द तालात बोलणे आणि नंतर गाणे, तसेच आपली पट्टी नव्याने ठरवणे, हा क्रम उपयुक्त ठरतो. अनुकरण हा शिक्षणाचा पहिला टप्पा आहे. परंतु तो ओलांडल्याशिवाय गायकाची स्वतःची गायकी घडत नाही.

नागपूर व विदर्भाशी संबंध

नागपुरातील सिव्हिल लाइन्स भागात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, तर रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या वतीने नागपुरात वसंतरावांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवला जातो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर रात्रभर चालणाऱ्या नाटकांत संवादांइतकेच गाण्यांना महत्त्व असते. तेथे एकाच प्रयोगात करुण, विनोदी आणि शृंगारिक गाण्यांना स्थान मिळते. अशा रंगमंचावर गाणाऱ्या नटाला अष्टपैलुत्व ही विशेष गुणवत्ता म्हणून नव्हे, तर रोजच्या कामाची गरज म्हणून कमवावे लागते.